पुढे वाट नाही

दुधाचा रतीब घालायला धोंडाबाई रोज उजाडता उजाडता यायची. त्या दिवशी मात्र ती उन्हं चांगली वर आल्यावर आली, आणि दूध मापून झाल्यावरही गेली नाही, पायरीवर बसून राहिली. बसायची तिची रीत नव्हती. प्रमोदिनीच्या आईशी दोन शब्द बोलायचे आणि पुढच्या बंगल्याकडं चालू पडायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

"ताई," ती म्हणाली, "मोरखिंडीत ती नवी पाटी लावलीया, तिच्यावर काय लिवलंय?"

प्रमोदिनीचा चेहरा खुलला. लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची आणि ती पाटी तिनं स्वतः रंगवली होती. येणारेजाणारे 'काय सुरेख अक्षर' म्हणून तिच्या काकांजवळ कौतुक करत. पण जिला वाचता येत नाही अशा बाईनं आपण होऊन मजकूर विचारावा, हे पहिल्यांदाच घडत होतं. तिनं हौसेनं सगळी पाटी तोंडपाठ म्हणून दाखवली. वर मोठ्या अक्षरांत 'लेक व्ह्यू पॉइंट'. खाली तलाव कुणी बांधला, त्याच्या पाण्यावर मुंबईतले दिवे कसे लागतात, माकडांना खायला घालू नये, करवंदीच्या जाळ्या मोडू नयेत. आणि सगळ्यात शेवटी, जिथून पायवाट खाली उतरते त्या बाजूला लाल रंगात, 'पुढे वाट नाही'.

"पुढं वाट न्हाई," धोंडाबाई स्वतःशीच म्हणाली. "म्हंजी त्यो राखणदार हौशीराम खोटं बोलत नव्हता. आन् हे कुणी लिवलं?"

"मीच की."

धोंडाबाईनं तिच्याकडं नुसतं बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण घरातल्या जाणत्या माणसानं काही तरी वेडंवाकडं करून ठेवावं आणि आता बोलायचं कसं, असा प्रश्न पडावा, तसं तिचं तोंड झालं होतं.

"मंग तुमीच सांगा ताई," ती म्हणाली, "पुनवंला आमी देव कंच्या वाटंनं न्यायचा?"

प्रमोदिनीला काहीच कळलं नाही. कोणता देव आणि कुठं न्यायचा, हे तिनं विचारलं तेव्हा धोंडाबाई उठली आणि म्हणाली, "सांगून कळायचं न्हाई. वाईच चला माझ्यासंगं."

आता ही पाटी आली कुठून, ते सांगायला हवं. लोणावळ्यात ज्यांचे बंगले होते, आणि उन्हाळा सोडला तर ज्यांच्या बंगल्यांत माळ्याशिवाय कुणी राहत नव्हतं, अशा मंडळींनी एकत्र येऊन गिरिशोभा मंडळ काढलं होतं. हेतू मोठा उदात्त. मुंबईचा माणूस हवापालटाला येतो, स्टेशनावर उतरून टांगा करतो आणि मग कुठं जावं हे त्याला समजत नाही, याचं या मंडळींना फार वाईट वाटे. डोंगरातल्या लोकांना कुठं जायचं ते समजत होतं, पण जाऊ देतात की नाही याची काळजी करणारं मंडळात कुणी नव्हतं. मंडळानं पहिल्याप्रथम काय केलं असेल तर बारशी केली. ज्या टेकडीला लोक पिढ्यान्‌पिढ्या कोंबडमाळ म्हणत आले तिचं 'क्वीन्स सीट' झालं. मोरखिंडीचा झाला 'लेक व्ह्यू पॉइंट'. जणू काही मंडळ येईपर्यंत हे डोंगर बिननावाचेच उभे होते.

मंडळाचे चिटणीस गंगाधरपंत हे प्रमोदिनीचे सख्खे काका. तिचे वडील गेल्यावर त्यांनीच मायलेकींना आपल्या आवारातल्या दोन खोल्यांत आणून ठेवलं, तिला चित्रकलेच्या परीक्षांना बसू दिलं. उपकार खरे होते आणि पंत ते कुणाला विसरू देत नसत. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी माहितीची पाटी लावायची असं मंडळानं ठरवलं, तेव्हा काम पुतणीकडं येणार हे उघडच होतं. पोरीचा हात चांगला आहे आणि घरचीच आहे, असं म्हणून पंतांनी तिला न विचारताच होकार देऊन टाकला.

प्रमोदिनीनं मात्र ते काम जीव ओतून केलं. दिवाळीच्या सुट्टीत ती एकूणएक वाट स्वतः चालली. स्टेशनावरच्या पाट्यांसारखी काळ्यावर पांढरी अक्षरं लांबून दिसतात खरी, पण डोंगरात ती डोळ्यांत खुपतात, म्हणून तिनं फिकट पिवळी जमीन आणि गर्द हिरवी अक्षरं घेतली. मजकूर किती, तर चढ चढून धापा टाकत उभा राहिलेला माणूस दम खाता खाता वाचील तेवढाच. पाटीची उंची अशी की पोरासोरांनाही मान वर करावी लागू नये. सागवानी चौकटीवर ठोकलेल्या पत्र्याला सफेत्याचे, म्हणजे पांढऱ्या रंगाचे, दोन हात द्यायचे, वर पिवळी जमीन द्यायची, वाळू द्यायची, खडू लावलेली सुतळी ताणून ओळी आखायच्या आणि मग अक्षराला हात घालायचा. धोक्याची सूचना असेल तिथं फक्त लाल. तांबडा रंग उगाच कुठंही वापरायचा नाही, असा तिचा नियम होता.

मोरखिंडीची वाट ती पंतांबरोबरच बघायला गेली होती. पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते आणि तलाव काठोकाठ होता. खिंडीतून एक रुंद, पायांनी गुळगुळीत झालेली वाट खाली उतरत गेली होती आणि सरळ पाण्यात शिरली होती. "ही वाट कुठं जाते, काका?" तिनं विचारलं होतं. पंतांनी काठीनं पाण्याकडं दाखवलं. "कुठं जाणार? पाण्यात. इथं स्पष्ट लिही, पुढे वाट नाही. उगाच कुणी बुडायला नको." तिला ते पटलं. तिनं ती ओळ लाल रंगात लिहिली आणि आपण एखाद्याचा जीव वाचवला असं समाधानही मानलं. एवढी रुंद, एवढी वाहती वाट पाण्यात बुडून मरण्यासाठी कोण कशाला पाडील, हा साधा प्रश्न तिला पडला नाही. पुढं या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त संताप आला.

खिंडीत पोचल्यावर त्या दोघी पाटीजवळ थांबल्या. शेजारी तारेचं कुंपण आणि लहानसं लाकडी फाटक होतं, तेही मंडळाचंच. फाटकापाशी हौशीराम राखणदार खाकी कोट घालून उकिडवा बसला होता. तो वडगावकडचा, नोकरीसाठी इथं आलेला, सरळ स्वभावाचा माणूस. प्रमोदिनीला बघून उठला, पण धोंडाबाईला बघून त्यानं फाटकावर हात ठेवला.

"मावशी, काल तुमच्या अंबाजीआबाला सांगितलं तेच तुमाला सांगतो," तो म्हणाला. "माजं तुमच्याशी वाकडं न्हाई. चिटणीससायेबांनी सांगितलंय, पाटीवर लिवलंय ते पाळायचं आन् दुसऱ्याला पाळायला लावायचं. पाटीवर वाट न्हाई, मंग न्हाई."

"मला खाली न्हाई जायाचं रं," धोंडाबाई म्हणाली. "ताईला हितूनच दावते."

प्रमोदिनीनं खाली बघितलं. दिवाळीत जिथं पाणी लखलखत होतं तिथं आता पाणी नव्हतं. ते आटत आटत पार मधल्या ओढ्याच्या नाळेपर्यंत गेलं होतं, आणि त्यानं सोडलेल्या करड्या चिखलात एक गाव उघडं पडलं होतं. जोत्यांच्या रांगा दिसत होत्या. मधून गेलेला गाडीरस्ता दिसत होता, विहिरीचं तोंड दिसत होतं, एका मोठ्या उंबराचा काळा पडलेला बुंधा दिसत होता. आणि ती वाट खिंडीतून उतरून, वळण घेऊन, थेट त्या गाडीरस्त्याला जाऊन मिळाली होती.

"उंबरशेत," धोंडाबाई म्हणाली. "ते उंबराच्या डाव्या अंगाला दोन पायऱ्या दिसत्यात न्हवं का, ते आमचं घर. मी लगीन होऊन आले तितंच. दोन पावसाळं काढलं आसतील, तवर धरणाचं पाणी आलं."

मग तिनं सगळं सांगितलं. गाव उठलं तेव्हा लोकांनी भैरोबाचा मुखवटा वर टेकडीच्या उतारावरच्या नव्या वस्तीत आणला. पण देवाचा तांदळा, म्हणजे मूळचा दगड, जमिनीतून वर आलेला, तो उपटायचा नसतो, म्हणून तो खालीच राहिला. दर साल वैशाखी पुनवेला, पाणी हटलेलं असतं तेव्हा, मुखवट्याला पालखीत घालून तांदळ्याच्या भेटीला नेतात. आणि गावातली प्रत्येक बाई आपापल्या जोत्यावर जाते, चिखलावर शेणाचा सडा घालते, रांगोळी काढते आणि जिथं आपली चूल होती तिथं तीन दगड मांडून तांदळाची पेज शिजवते. वर्षातून तेवढा एक दिवस उंबरशेतच्या चुली पेटतात. आणि त्या सालात लग्न होऊन आलेल्या सुना त्या दिवशी माप ओलांडतात. वस्तीतल्या खोपटाचा उंबरा हा काही उंबरा नव्हे. खऱ्या घराच्या पायरीवर तांदळाचं माप लवंडून पाऊल टाकल्याशिवाय सून घरात आली असं कुणी धरत नाही. तोवर ती चुलीला शिवत नाही.

"आमची शालू फागणात आली," धोंडाबाई म्हणाली. "दोन म्हैनं झालं, पाव्हणीवानी बसून ऱ्हाती पोर. तिचं माप ऱ्हायलंय. काल अंबाजी आन् चार बापई देवाम्होरला चिखल काडाया आलं तर ह्यानं आडिवलं. दुसरीकडनं समदा कडा. पालखी उतरत न्हाई."

 प्रमोदिनीनं वळून आपल्या पाटीकडं बघितलं. लाल अक्षरं उन्हात छान झळकत होती, इतकी छान की तिला ती नखांनी खरवडून काढावीशी वाटली.

घरी आल्यावर ती आपल्या खोल्यांकडं न जाता तशीच पंतांच्या व्हरांड्यात गेली. पंत आरामखुर्चीच्या हातावर कागद ठेवून काही तरी लिहीत होते. पुनवेच्या संध्याकाळी लेक व्ह्यू पॉइंटवर मंडळाचं चहापान होतं. मुंबईहून मोठी मोठी माणसं येणार होती आणि चांदणं पडल्यावर वाद्यवृंद वाजणार होता. कुणाला वेताच्या खुर्च्या द्यायच्या आणि कुणाला घडीच्या, याचा पंत विचार करत होते.

"काका, मोरखिंडीच्या पाटीवरची शेवटची ओळ बदलायची आहे," ती म्हणाली.

"का? रंग उडाला?"

"ओळ खोटी आहे. पुढं वाट आहे. ती उंबरशेतला जाते."

पंतांनी लिहिणं थांबवलं. "उंबरशेत आता नाही, प्रमा."

"आत्ता बघून आले मी. जोती आहेत, रस्ता आहे, देव आहे. माणसं तर आहेतच, आपल्याकडं रोज दूध घालतात. तुम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं का?"

तिला वाटलं होतं की काकांना माहीत नसेल. मनातल्या मनात तिनं त्यांना माफही करून टाकलं होतं. आपण नाही का फसलो, तसे तेही फसले असतील. पण पंत हसले, आणि अगदी सहज म्हणाले, "मला कोण सांगणार? जमिनी घेतल्या तेव्हा मी मोजणीच्या कचेरीत कारकून होतो. त्या गावात सगळा हिवाळा काढलाय मी. धोंडाबाईच्या सासऱ्याच्या पडवीत राहायचो. हिवतापानं लोळागोळा होऊन पडलो होतो, तेव्हा तिची सासू मला पेज करून पाजायची. त्या काळी आपल्यातलं कुणी त्यांच्या घरचं पाणी प्यायलं नसतं. मी पेज प्यायलो. भूक लागली होती, प्यायलो. आणि ते मी कधी लपवलं नाही, मंडळाच्या सभेतसुद्धा सांगतो. तेव्हा त्या लोकांविषयी मला माया नाही असं तू समजू नकोस."

ते हे अभिमानानं सांगत होते. आपण त्या बाईच्या हातची पेज पिऊन तिच्यावर केवढे उपकार केले, असा त्यांचा सूर होता. प्रमोदिनीच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या घरची पेज पिऊन हा माणूस तापातून उठला त्या घराची मोजणी यानंच केली, आणि आता त्या घराला वाटच नाही असं लिहायला सांगताना याची जीभ अडखळली नाही. आणि लिहिलं कुणी, तर आपण. अक्षर नीट, ओळ सरळ, रंग लाल.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "ठाऊक असून माझ्याकडून लिहवून घेतलंत."

"आवाज खाली कर. त्या दिवशी पाणी होतं की नव्हतं? मग ओळ खोटी कशी?" पंत म्हणाले. "हे बघ, पुनवेला तिथं पाहुणे असणार. ते चांदण्यातला तलाव बघायला येतात. त्यांच्यासमोर ढोल, चिखलानं भरलेली माणसं, चुलींचा धूर, हे शोभतं का? मी अंबाजीला निरोप धाडलाय, जत्रा चार दिवस पुढं ढकला म्हणून."

"पौर्णिमा पुढं ढकलायची?"

"देव वस्तीतच पुजावा मग. गावं उठली, त्याला वीस-पंचवीस वर्षं होऊन गेली. किती दिवस तेच उगाळायचं? माणूस चार घटका आनंदात घालवायला येतो, त्याला मी काय सांगू? की बाबा, तुझ्या या सुंदर तलावाखाली एक गाव आहे?"

"हो, तेच सांगा. पाटी त्यासाठीच असते."

"पाटी मंडळाची आहे," पंत म्हणाले, "तुझी नाही. आणि तू राहतेस कुणाच्या आवारात, त्याचाही जरा विचार कर." एवढं बोलून त्यांनी पुन्हा खुर्च्यांच्या कागदात डोकं घातलं.

प्रमोदिनीनं विचार केला. दोन खोल्यांचा केला, आईचा केला, शाळेच्या नोकरीला काकांचा शब्द होता त्याचाही केला. आईला सगळं सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुझं अक्षर आहे ना ते? मग तूच निस्तर." यापेक्षा जास्त परवानगी त्या घरात कधी कुणाला मिळाली नव्हती.

पाटीवर जाऊन रंग लावण्यात अर्थ नव्हता. तेलाचा रंग वाळायला वेळ घेतो, आणि ओला रंग कुणीही फडक्यानं पुसून टाकू शकतो. म्हणून तिनं त्या ओळीवर बरोबर बसेल अशी पत्र्याची पट्टी कापून आणली, मागच्या खोलीत दार लावून तिला तशीच पिवळी जमीन दिली आणि सुतळीनं ओळी आखल्या. काय लिहायचं याला मात्र तिला वेळ लागला. रागाच्या भरात तिनं कागदावर बरंच काही लिहिलं, त्यातलं काही पंतांच्या नावानिशी होतं. मग तिनं ते फाडून टाकलं. वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला काय हवं असतं, तर ही वाट कुठं जाते एवढंच. तेवढंच तिनं लिहिलं, गर्द हिरव्या अक्षरांत. लाल रंगाची गरज नव्हती.

पुनवेच्या दिवशी उन्हं कलायच्या आधीच ती पट्टी फडक्यात गुंडाळून, पिशवीत हातोडी आणि खिळे घालून खिंडीत गेली. मंडळाचे गडी खुर्च्या मांडत होते. दोन-चार पाहुणे लवकर येऊन टोपीनं वारा घेत उभे होते. फाटकात हौशीराम होता, आणि फाटकाबाहेर सगळं उंबरशेत उभं होतं. पुढं पालखीला खांदा दिलेला म्हातारा अंबाजी, पांढऱ्या मिशांचा, कपाळभर भंडारा. मागं डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. कुणाच्या टोपलीत शेण, कुणाच्या टोपलीत सरपण, कुणाच्या टोपलीत मडकी. धोंडाबाईच्या शेजारी शालू, हिरव्या चुड्यातली, दोन्ही हातांत तांदळाचं माप धरून. पोर खाली मान घालून उभी होती. आपल्यामुळंच हे सगळे अडकलेत की काय, असं तिला वाटत असावं.

"सोड की रं बाबा," अंबाजी हौशीरामला म्हणत होता. "देव एकदा खांद्यावर घेतला का मदी टेकवता येत न्हाई. मी म्हातारा माणूस, किती येळ उबा ऱ्हाऊ?"

"आबा, माझ्या हातात काय हाय का? पाटीवर जे आसंल ते," हौशीराम म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

प्रमोदिनी त्यांच्यामधून पाटीपाशी गेली. फडकं सोडलं, पट्टी लाल ओळीवर धरली आणि पहिला खिळा ठोकला. हातोडीच्या आवाजासरशी गड्यांनी खुर्च्या मांडायचं थांबवलं.

"ताई, हे काय करताय?" हौशीराम म्हणाला.

"पाटी दुरुस्त करतेय. मीच रंगवली आहे, चूकही माझीच आहे." तिनं शेवटचा खिळा ठोकला आणि बाजूला झाली.

"काय लिवलं आता?"

तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. "ही वाट उंबरशेत गावाला जाते. पावसाळ्यापासून गाव पाण्याखाली असते. उन्हाळ्यात पाणी हटल्यावर गावकरी घरी येतात."

हौशीरामनं पाटीकडं बघितलं, पालखीकडं बघितलं, दूर मांडलेल्या खुर्च्यांकडं बघितलं. मग त्यानं कोटाची बटणं नीट केली. "सायेबांचा हुकूम हाय, पाटीवर आसंल ते पाळायचं," तो म्हणाला. "आता पाटीवर हे हाय." आणि त्यानं फाटक उघडलं.

पालखी फाटकातून आत आली आणि नेमके त्याच वेळी गंगाधरपंत वर आले. रेशमी उपरणं, हातात काठी. त्यांनी गर्दी बघितली, मग पाटीवरची पट्टी वाचली, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"हौशीराम, फाटक लाव. प्रमा, ती पट्टी काढ."

"नाही काढणार," प्रमोदिनी म्हणाली. "तुम्ही माझ्या हातून या माणसांना त्यांच्या घरी जायला बंदी घातलीत, काका. मला काही म्हणजे काही न सांगता. मला लाज वाटतेय त्या अक्षरांची. तुमच्या दोन खोल्या आजच रिकाम्या करते, पण हे खोटं मी पुन्हा लिहिणार नाही."

 पाहुण्यांपैकी एक सुटातले गृहस्थ पुढं आले, पट्टीवरचा मजकूर वाचून खाली बघू लागले, आणि मग पंतांना म्हणाले, "खरंच का हो, इथं गाव होतं? तुम्ही कधी बोलला नाहीत."

"छे, जुनी गोष्ट आहे," पंत घाईनं म्हणाले. "मला काही विशेष माहीत नाही. चला, आपण चहा घेऊ."

तेव्हा धोंडाबाई बायकांतून पुढं आली. आजवर बंगल्याच्या मागच्या दारानं दूध घालताना ती पंतांशी मान वर करून बोलली नव्हती. आताही तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"पंत, तुमी बी चला," ती म्हणाली. "तुमाला वाट दावाया नको. उंबराच्या डाव्या अंगाला, दोन पायऱ्या. तितंच पडवी व्हती, तितंच तुमचं अंथरूण व्हतं. सासूबाई न्हाईत आता, पर चूल तीच हाय. आज पेज करतीया मी. घोटभर घ्या."

सुटातले गृहस्थ पंतांकडं बघत राहिले. हौशीराम बघत राहिला. प्रमोदिनीही बघत होती. त्या क्षणी काका दोन पावलं जरी त्या वाटेवर चालले असते तरी तिनं त्यांना सगळं माफ केलं असतं. पंतांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पाटीकडं त्यांनी बघितलं नाही, खालीही बघितलं नाही.

"मला भूक नाही," ते म्हणाले.

"तवा व्हती," धोंडाबाई म्हणाली, आणि सुनेला पुढं घालून ती पाटीशेजारनं खाली उतरली.